ओळखीचे गाणे, अनोळखी गळा

जुन्या रॉक गाण्यांच्या अपरिचित आवृत्त्यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे या वेळी देत आहे. एकाने गाजवलेले गाणे दुसऱ्याने आपल्या गळ्याने आणि आपल्या वाद्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केले, की पाश्चात्त्य संगीतव्यवसायात त्याला ‘कव्हर’ म्हणतात. आपल्याकडे कॅसेटच्या काळापासून ‘व्हर्शन’ हा शब्द रुळला आहे. दोन्ही शब्द मी येथे एकाच अर्थाने वापरले आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाने मला शाळकरी मुलांनी गायलेले डेव्हिड बोवी यांचे ‘स्पेस ऑडिटी’ ऐकवले. मुले ठिकठिकाणी बेसूर होतात, ताल हलतो, आणि तरीही ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. हे ध्वनिमुद्रण कुठले आहे, आणि असे का व्हावे?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : आपण ऐकलेले गाणे कॅनडातील आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लँगली नावाचा, त्या काळी बराचसा ग्रामीण असलेला भाग आहे. तेथील प्राथमिक शाळांमध्ये १९७०च्या दशकात हान्स फेंगर हे संगीत शिकवत असत. ते मुळात गिटारवादक. मुलांना संगीत शिकवण्याच्या ठरीव पद्धतींशी त्यांचा फारसा परिचय नव्हता, आणि माझ्या मते तेच त्या मुलांचे भाग्य ठरले. बालगीते म्हणून जे काही मुलांसमोर ठेवले जाते, ते त्यांना मुलांना कमी लेखणारे वाटे. मुलांच्या आयुष्यातही भीती असते, एकटेपणा असतो, आणि मुलांना गोडगोड गाण्यांपेक्षा हे बोलून दाखवणारी गाणी अधिक भावतात, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून त्यांनी वर्गात बोवी, बीच बॉईज, ईगल्स आणि पॉल मॅकार्टनी यांची गाणी आणली. १९७६ आणि १९७७ मध्ये शाळेच्या व्यायामशाळेत मुलांना एकत्र बसवून, दोन ट्रॅकच्या साध्या टेपयंत्रावर त्यांनी ही गाणी मुद्रित केली आणि त्यांच्या मोजक्या तबकड्या काढून मुलांच्या घरी दिल्या. पुढे जवळजवळ पाव शतक त्या तबकड्या तेथील घरांतच राहिल्या. त्यांतील एक कोणा संग्राहकाला जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडली, आणि २००१ मध्ये ‘द लँगली स्कूल्स म्युझिक प्रोजेक्ट’ या नावाने ही गाणी जगासमोर आली.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. शाळेच्या पटांगणावर तीन-चारशे मुले एका वेळी ‘पसायदान’ म्हणतात, तेव्हा त्यांतील किती मुले सुरात असतात, याचा हिशेब आपण कधी करत नाही. पट्टी एक असली तरी प्रत्येक गळा आपापल्या वाटेने तिच्यापर्यंत पोहोचत असतो, आणि त्या थोड्याथोड्या फरकांमुळेच तो नाद एवढा रुंद वाटतो. लँगलीच्या मुलांचा आवाज असाच आहे, फक्त त्याला व्यायामशाळेच्या उघड्या भिंतींचा घुमारा मिळाला आहे. साथीला झायलोफोन, मेटॅलोफोन, झांजा अशी, मुलांना सहज हाताळता येणारी वाद्ये आहेत. ‘स्पेस ऑडिटी’ हे पृथ्वीपासून तुटत जाणाऱ्या अंतराळवीराचे गाणे. बोवी यांनी १९६९ मध्ये ते गायले, तेव्हा त्यांनी त्या अंतराळवीराची भूमिका केली होती, आणि ती उत्तम केली होती. मुले भूमिका करत नाहीत. समोरच्या खोलीत कोणी हरवले असावे, तशी ती त्याला हाका मारतात. यान सुटण्याच्या जागी झांजांचा जो कल्लोळ उठतो, तो वाजवणाऱ्या मुलांना मोजूनमापून वाजवण्याचे भान राहिलेले नाही, हे स्पष्ट ऐकू येते, आणि भीती नेमकी तेथून येते. या आवृत्तीतील साथसंगतीची खुद्द बोवी यांनी मनापासून प्रशंसा केली होती.

आपण याच संचातील ‘डेस्परॅडो’ अवश्य ऐकावे. ईगल्सचे हे १९७३ चे गाणे. उमेदीची वर्षे भटकण्यात घालवणाऱ्या, कोणालाही जवळ येऊ न देणाऱ्या माणसाला कोणी तरी समजावीत आहे, असा त्याचा आशय. लँगलीत ते नऊ वर्षांची एक मुलगी पियानोच्या साथीने एकटी गाते. शब्दांच्या अर्थाचा कितीसा भाग तिला उमगला असेल, हे सांगता येणार नाही. पण मित्राने मित्राला दिलेला सल्ला तिच्या तोंडून येताच, घराबाहेर पडलेल्या बापाची लेकीने केलेली विनवणी होऊन बसतो. मूळ गाण्यात हे नव्हते. शब्द तेच, चाल तीच, केवळ गाणाऱ्याचे वय बदलले आणि गाण्यातले नाते बदलले. ज्या आवृत्तीत असे काही घडते, ती माझ्या लेखी नक्कल राहत नाही.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात आनंद शंकर यांची एक इंग्रजी तबकडी मिळाली. तिच्यावर रोलिंग स्टोन्सचे गाणे सतारीवर वाजवले आहे. हे पंडित रविशंकर यांचे कोण? या तबकडीला संगीत म्हणून काही मोल आहे, की ती त्या काळच्या हिप्पी लाटेतील एक वस्तू आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आनंद शंकर हे विख्यात नर्तक उदय शंकर आणि अमला शंकर यांचे पुत्र, म्हणजे रविशंकरांचे पुतणे. सतारीचे शिक्षण मात्र त्यांनी काकांकडे न घेता बनारसला डॉ. लालमणी मिश्र यांच्याकडे घेतले. आपल्याकडे असलेली तबकडी १९७० ची असावी. तिच्यात आठ रचना आहेत आणि त्यांतील दोन रॉक गाणी आहेत : रोलिंग स्टोन्सचे ‘जम्पिंग जॅक फ्लॅश’ आणि द डोअर्सचे ‘लाइट माय फायर’. सतार आणि तबल्याच्या सोबतीला मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या साहाय्याने सूर निर्माण करणारे वाद्य, आहे, जो त्या वेळी अगदी नवा होता.

तिला मोल आहे, आणि ते का आहे हे सांगतो. काही वर्षांपूर्वी हीच तबकडी मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. वेष्टनाचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला होता, पण तबकडी धड होती. घरी आणून ‘जम्पिंग जॅक फ्लॅश’ लावले, तेव्हा पहिल्या अर्ध्या मिनिटात मला ते खोटे वाटले, कारण मी सतारीत स्टोन्सचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांची गिटार शोधत होतो. विजेवरच्या गिटारचा सूर छेडल्यावर हवा तितका वेळ धरून ठेवता येतो. सतारीचा सूर छेडल्याक्षणी ओसरू लागतो, आणि तो जिवंत ठेवायचा तर मींड घ्यावी लागते, तरफांना (मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारांना) बोलते करावे लागते. आनंद शंकर यांनी ही अडचण लपवलेली नाही. गिटारवर हातोड्यासारखी पडणारी स्वरांची ती ओळ सतारीवर येते तेव्हा प्रत्येक ठोक्याची कड मऊ होते आणि दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेत तरफांची झणझण भरून राहते. एवढे कानाला पटल्यावर मी तो भाग सुई उचलून पुन्हा पुन्हा लावला.

‘लाइट माय फायर’ची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्या गाण्याचा मुख्य भाग रचणारे डोअर्सचे गिटारवादक रॉबी क्रीगर हे लॉस एंजेलिस येथील रविशंकरांच्या ‘किन्नर’ संगीतशाळेत सतार शिकलेले होते. म्हणजे सतारीच्या घरातून थोडे उसने घेऊन जे गाणे निघाले होते, ते तीन वर्षांनी त्याच घरातील पुतण्याच्या हातून सतारीवर परत आले. हिप्पी लाटेतील बहुतेक तबकड्यांमध्ये सतार नुसती रंगापुरती वापरली जाई. येथे तसे झालेले नाही. तबकडी मऊ कापडाने पुसून, उभी ठेवून जपावी, ही विनंती.

प्रश्न : मुंबईचा आणि अशा आवृत्त्यांचा काही प्रत्यक्ष संबंध आहे काय? ‘जानवर’ चित्रपटातील ‘देखो अब तो’ हे बीटल्सचे कव्हर मानावे का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. १९६५ च्या ‘जानवर’मधील मोहम्मद रफी आणि आशा भोसले यांच्या त्या गाण्याची चाल बीटल्सच्या १९६३ मधील ‘आय वाँट टू होल्ड युवर हँड’ची आहे, हे कोणीही कान देऊन ऐकले तरी कळते. परंतु कव्हरमध्ये मूळ रचनाकाराचे नाव दिले जाते आणि त्याचे मानधन त्याला पोहोचते. हे दोन्ही नसेल तर त्याला आपण चाल उचलणे म्हणतो, आणि तोच शब्द योग्य आहे. गाणे कितीही आवडते असले तरी हा भेद पुसू नये.

मुंबईचा प्रत्यक्ष संबंध मात्र आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. १९७२ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक समूहाचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले असताना त्यांनी येथील वादकांना जमवून आपलीच दोन गाणी, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’, नव्याने मुद्रित केली. स्वतःच्याच गाण्यांची ही आवृत्ती असल्याने काटेकोरपणे तिला कव्हर म्हणता येणार नाही, पण वाजवणारे हात सर्वस्वी वेगळे होते. ‘फोर स्टिक्स’ हे नाव पडले ते ढोलवादक जॉन बॉनम यांनी प्रत्येक हातात दोन अशा चार काठ्या घेऊन ते वाजवले म्हणून. त्याची लय पाच आणि सहा मात्रांच्या तुकड्यांमध्ये अदलाबदल करत जाते, आणि पाश्चात्त्य श्रोत्याला ती अडखळणारी वाटते. मुंबईच्या आवृत्तीचे नाव ‘फोर हँड्स’ असे ठेवले गेले. ही मुद्रणे ४३ वर्षे पडून राहिली आणि २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्या वादकांची नावे प्रत्येक रसिकाच्या ओठी असायला हवी होती, असे मला ते ऐकताना दर वेळी वाटते.

प्रश्न : आपल्या अतिशय आवडत्या गाण्याची कोणी थट्टा केली तर मला राग येतो. ‘स्टेअरवे टू हेवन’ची तर किती तरी विडंबने झाली आहेत. अशा आवृत्त्या आपण का ऐकाव्यात?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपला राग मला समजतो, कारण मीही पूर्वी असाच रागावत असे. ऑस्ट्रेलियात १९८९-९० च्या सुमारास अँड्रू डेंटन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दर आठवड्याला एक नवा गायक किंवा वाद्यवृंद लेड झेपेलिनच्या याच गाण्याची वेगळी आवृत्ती सादर करत असे. त्यांतील काही नुसत्या गमतीच्या होत्या, आणि त्यांच्यावर वेळ घालवण्याची गरज नाही. परंतु अमेरिकी संगीतकार फ्रँक झॅपा यांनी १९८८ च्या दौऱ्यात हेच गाणे घेतले, तेव्हा जिमी पेज यांचे प्रसिद्ध गिटारवादन त्यांनी तुताऱ्या आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या आपल्या वादकांकडून, स्वरन्‌स्वर बसवून, एकत्र वाजवून घेतले. झॅपा यांच्या वागण्यात थट्टा होती, हे खरे. पण एका माणसाने गिटारवर उत्स्फूर्तपणे वाजवलेल्या ताना पाच जणांच्या फुंकीतून एकजीव काढणे, हे महिनोन्‌महिने तालीम केल्याखेरीज होणारे काम नाही. एवढे कष्ट कोणी नावडत्या गाण्यासाठी घेत नाही.

उलट, ज्या आवृत्तीत एकही विनोद नाही, ती कधी कधी मूळ गाण्याला फार अडचणीत आणते. स्लोव्हेनियातील त्रबोव्हल्ये या खाणकामगारांच्या गावचा लायबाख हा समूह आहे. १९८७ मध्ये त्यांनी क्वीनचे ‘वन व्हिजन’ जर्मन भाषेत, संथ लष्करी ठेक्यावर, खर्जातल्या आवाजात गायले. मूळ गाणे जगाच्या एकीचे आहे आणि स्टेडियममध्ये हजारो लोकांनी हात उंचावून म्हणण्यासाठी ते रचलेले आहे. लायबाखने आशयात जवळजवळ काही बदलले नाही. परंतु सर्वांचे ध्येय एक, सर्वांची दिशा एक, ही भाषा त्या ठेक्यावर आणि त्या भाषेत आली की विसाव्या शतकातल्या कोणत्या मिरवणुका आठवतात, हे सांगण्याची गरज राहत नाही. क्वीनचा चाहता म्हणून मला ते ऐकणे जड गेले. तरीही मी ते ऐकावे असेच सांगेन, कारण हजारोंनी एका सुरात म्हणायच्या गाण्यात कोणती शक्ती दडलेली असते, हे मला मूळ गाण्याने कधी दाखवले नव्हते.

प्रश्न : आपले गाणे दुसऱ्याने बदलून गायले तर मूळ कलावंतांना ते रुचते काय?
— एक वाचिका, मडगाव

उत्तर : एकाच गाण्याची हकिकत सांगतो. रोलिंग स्टोन्सचे ‘सॅटिस्फॅक्शन’ १९६५ चे. त्याच्या आरंभीची गिटारवरची घरघरती ओळ जगप्रसिद्ध आहे, पण कीथ रिचर्ड्स यांच्या मनात ती ओळ तुताऱ्यांनी वाजवायची होती आणि गिटार हा केवळ कच्चा आराखडा होता, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्याच वर्षी मेंफिस येथे ओटिस रेडिंग यांनी हे गाणे घेतले आणि ती ओळ तुताऱ्यांनाच दिली. रिचर्ड्स यांच्या मनातले गाणे पाहायचे झाले, तर ते या कव्हरमध्येच अधिक स्पष्ट दिसते.

पुढे ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या शहरातून आलेल्या डीवो या समूहाने याच गाण्यातून ती प्रसिद्ध ओळच काढून टाकली. उरला तो तुटक, झटके देत चालणारा ठेका आणि यंत्रागत बोलणारा एक अस्वस्थ आवाज. प्रकाशनापूर्वी संमतीसाठी ते स्टोन्सचे गायक मिक जॅगर यांना ऐकवण्यात आले, तेव्हा ते काही वेळ शांत बसून ऐकत राहिले आणि मग उठून खोलीत नाचू लागले, अशी आठवण डीवोच्या सदस्यांनी सांगितली आहे. गाण्यात असमाधान आहे, हे शब्द सांगतच होते. डीवोने ते ठेक्यात आणले, आणि जॅगर यांच्या पायांना ते कळले. ब्राझीलचे सेऊ जॉर्जी यांनी बोवी यांची गाणी एका गिटारवर, पोर्तुगीज भाषेत गायली, तेव्हाही बोवी यांनी आपल्याच गाण्यांचे हे सौंदर्य आपल्याला एरवी ऐकायला मिळाले नसते, असे उद्गार काढले होते. सर्वच कलावंत इतके उदार नसतात, पण हे होते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयीन बँडला एका जुन्या रॉक गाण्याची वेगळी आवृत्ती मुद्रित करून विक्रीस ठेवायची आहे. परवानगी लागते काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लागते. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ‘३१ क’ (इंग्रजी प्रतीत ‘३१ सी’) हे कलम आले. त्यानुसार मूळ गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले, ते वर्ष संपल्यानंतर पाच पूर्ण वर्षे गेल्याखेरीज कव्हर काढता येत नाही. जुन्या गाण्यांच्या बाबतीत ही अट आपोआप पूर्ण होते. त्यानंतर हक्कधारकाला आगाऊ सूचना द्यावी लागते, वेष्टनाचा नमुना पाठवावा लागतो आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने मानधन आधी भरावे लागते. हे कव्हर आहे, असे वेष्टनावर छापावे लागते, आणि मूळ गायकाचे नाव किंवा छायाचित्र त्यावर चालत नाही. आपल्या बँडसाठी खरी अडचण पुढे आहे : तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला कोणताही बदल या कलमाखाली करता येत नाही. म्हणजे गाणे जितके वेगळे करायचे, तितकी मूळ हक्कधारकाची थेट संमती घेण्याची गरज अधिक. चित्रफीत करणार असाल तर तिचे हक्क वेगळे असतात. ५०,००० प्रतींचा आकडा पाहून खचू नये. हक्कधारकाशी थेट बोलणी करून मिळालेला परवाना पुष्कळदा अधिक सोयीचा पडतो. या विषयातील वकिलाला एकदा कागद दाखवावेत.

प्रश्न : इंग्रजी मला फारसे कळत नाही. तरीही ऐकता येतील अशी एक-दोन नावे सांगावीत.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : शब्दांवाचून अडणार नाही, असे काही सुचवतो. फिनलंडच्या अपोकॅलिप्टिका या चौघांनी १९९६ मध्ये मेटॅलिकाची गाणी फक्त चार चेलो या वाद्यांवर वाजवली. गज तारेवर इतका दाबून ओढला आहे की लाकूड कण्हते आहे असे वाटावे. अल्जीरियात जन्मलेल्या आणि फ्रान्समध्ये वाढलेल्या रशीद ताहा यांनी २००४ मध्ये द क्लॅशचे ‘रॉक द कासबा’ अरबीत गायले. संगीतावर बंदी घालणाऱ्या अरब राजाची ही गोष्ट एका इंग्रज समूहाने लिहिली होती. ती अरबी माणसाने, ऊद या अरबी तंतुवाद्याच्या साथीने, आपल्या भाषेत सांगितल्यावर कथेचा मालकच बदलला.

पण एकच ऐकायचे असेल, तर मंगोलियाच्या सीमेला लागून असलेल्या तुवा प्रदेशातील याट-खा या समूहाचा २००५ चा ‘री-कव्हर्स’ हा अल्बम घ्यावा. अल्बर्ट कुवेझिन हे त्याचे गायक. खर्जाच्याही खाली, घशातून घरघरत येणारा त्यांचा आवाज ही त्या प्रदेशातील गायनाची जुनी रीत आहे. त्यात जॉय डिव्हिजनचे ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ आहे. प्रेम तुटत चालल्याचे हे गाणे मुळात एका तरुणाच्या कोरड्या आवाजात आहे. कुवेझिन यांच्या गळ्यात ते शेकडो वर्षांपूर्वी कोणाच्या तरी बाबतीत घडून गेलेले असावे, असे वाटते. मोबाइलच्या बारीक स्पीकरवर तो खर्ज ऐकूच येणार नाही. कोणाकडून तरी चांगले हेडफोन मागून आणावेत, आणि रात्री घर निजल्यावर लावावे.